पॅकेजच्या बाहेर

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये सकाळी नऊच्या आधीच रिक्षांची कोंडी सुरू होते. हदगाव, भोकर, मुखेड, उमरीकडून पहिल्या एसटीने निघालेली माणसं तोवर पोचलेली असतात. कुणाच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, कुणाच्या काखेत घडी केलेली चादर. जवळजवळ प्रत्येकाकडे एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, मागच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. योजनेतल्या रुग्णालयात आत शिरलं की एक टेबल लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक, एक संगणक, अंगठ्याचं छोटं यंत्र आणि मागे बसलेला पंचविशीतला आरोग्यमित्र.

मी गेलो त्या सकाळी टेबलासमोर साठीच्या पुढच्या एक बाई होत्या. छातीत दुखतं म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी पाठवलेलं. सोबत धाकटा मुलगा.

"मावशी, अंगठा पदराला पुसा आणि परत ठेवा."

त्यांनी पुसला, ठेवला. यंत्राने घेतला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. कापूस वेचून आणि खुरपून बोटांच्या रेषा झिजल्या होत्या. डोळ्यांनी ओळख पटवायचं यंत्र वरच्या मजल्यावर होतं, ते आणलं. तोवर दुसरी अडचण निघाली. आईचं नाव थोरल्या मुलाच्या कार्डावर होतं आणि थोरला ते कार्ड घेऊन चाकणला कंपनीत होता.

"फोटो पाठवा म्हणावं व्हॉट्सअ‍ॅपवर, बारा आकडी नंबर दिसला पाहिजे," आरोग्यमित्र म्हणाला.

"ड्युटीवर हाय, फोन उचलंना," धाकटा म्हणाला.

हे सगळं होईपर्यंत बाई बाकावर टेकून बसल्या होत्या. आरोग्यमित्र उद्धट नव्हता. अंगठा घेताना तो चार वेळा मावशी म्हणाला, त्याने पाणी आणून दिलं. त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं तो करत होता. पण त्याच्या हातात फार थोडं आहे, आणि मराठवाड्यातल्या गरिबाची सरकारशी आजारपणातली पहिली गाठ नेमकी त्याच्याशी पडते.

या अंकासाठी संपादकांनी 'आधार' हा विषय दिला, तेव्हा आरोग्यविम्यावर लिहायचं मी ठरवलं ते याच टेबलामुळे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत हे टेबल, त्याच्या मागची व्यवस्था आणि त्याच्यापर्यंत न पोचणारी माणसं बघत फिरलो.

दीड लाखाचे पाच लाख

नांदेडला ही योजना नवी नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली, अमरावती, सोलापूर, धुळे, रायगड आणि मुंबईचे दोन जिल्हे यांच्यासोबत नांदेड होता. लातूरला ती आली नोव्हेंबर २०१३ मध्ये, उरलेल्या महाराष्ट्राबरोबर. पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, रोख पैसे न भरता. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबारा दाखवून आत घेतलं. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना आली, तिचं कवच पाच लाखांचं. पण तिची यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून केलेली, आणि त्या यादीत महाराष्ट्रातली सुमारे ८३ लाख कुटुंबं. एकाच वस्तीत एका घराला पाच लाख आणि शेजारच्या घराला दीड लाख, असं बरीच वर्षं चाललं.

२०२० पासून राज्याने दोन्ही योजना एकत्र जोडल्या. दीड लाखापर्यंतचा खर्च विमा कंपनीने द्यायचा, त्यासाठी सरकारने दर कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये हप्ता युनायटेड इंडिया या सरकारी कंपनीला भरायचा, आणि दीड लाखाच्या वरचा भार राज्य आरोग्य हमी सोसायटीने उचलायचा. मग २८ जुलै २०२३ चा शासन निर्णय आला. कार्डाचा रंग कोणताही असो, राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचं कवच, १,३५६ उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला साडेचार लाख. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

या योजनेने जीव वाचवलेत, हे आधी स्वच्छ सांगितलं पाहिजे. डायलिसिसच्या खोलीत जाऊन बघा. पंधरा वर्षांपूर्वी मूत्रपिंड निकामी झालेला शेतमजूर चार-सहा महिन्यांत जमीन-जनावर विकून मरायचा. आज तो आठवड्यातून दोनदा-तीनदा यंत्रावर बसतो आणि जगतो. कर्करोगाच्या किमोसाठी पूर्वी लातूरकरांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय नाहीतर थेट मुंबईचं टाटा गाठावं लागे. आता ते उपचार लातुरात होतात. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं विवेकानंद रुग्णालय त्यासाठी लोकांना ठाऊक आहे. हृदयाची झडप, बायपास, नवजात बालकाची काचेच्या पेटीतली शुश्रूषा, या गोष्टी मजुराच्या आवाक्यात आल्या त्या या योजनेमुळेच.

मग लोक चिडलेले का आहेत?

"बसतं का बघा"

योजनेच्या टेबलावर सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य हे आहे. पेशंटला योजनेत बसवा. बसतं का बघा. बसत नाही म्हणतात.

योजना आजार ओळखत नाही, ती पॅकेज ओळखते. प्रत्येक शस्त्रक्रियेला, प्रत्येक उपचाराला एक सांकेतिक क्रमांक आणि एक ठरलेला दर. रुग्ण भरती झाला की रुग्णालय तपासण्या, फोटो, कागद संगणकावर चढवतं आणि मंजुरी मागतं. याला सगळे 'प्री-ऑथ' म्हणतात. पलीकडून मंजुरी येते, नाहीतर 'क्वेरी' येते. रिपोर्टवर तारीख दिसत नाही, नावात फरक आहे, अपघात असेल तर पोलिसांचा कागद कुठे. तातडीच्या रुग्णाला फोनवर कळवून उपचार सुरू करण्याची सोय नियमांत आहे आणि कागद नंतर दिले तरी चालतात. पण ती सोय नातेवाइकाला माहीत नसते, आणि काही रुग्णालयं ती सांगत नाहीत. "मंजुरी यायची आहे, तोवर थोडं डिपॉझिट भरून ठेवा," एवढंच सांगतात. हे थोडं डिपॉझिट रात्रीतून उभं करायचं म्हणजे गावात फोन लावायचे, आडत्याकडे सोयाबीनवर उचल मागायची, नाहीतर मुकादमाकडे. कंधार-मुखेडच्या तांड्यांवर ऊसतोडीची उचल आजारपणासाठी घेतलेली असणं नेहमीचं आहे. ती फेडायला पुढचा हंगाम तोडावा लागतो, दुखणं बरं झालेलं असो वा नसो.

आणि मंजुरीच्या आधीचं काय? योजना भरतीपासून सुरू होते, आजार कितीतरी आधी सुरू झालेला असतो. गावातल्या डॉक्टरांची तीन सलाइनं, तालुक्याची सोनोग्राफी, जिल्ह्याचा सिटी स्कॅन, एमआरआय, रक्ताच्या तपासण्या. हे सगळं झाल्यावर कळतं की आजार यादीत आहे की नाही. नसला तर तो खर्च ज्याचा त्याने सोसायचा. भरती झाल्यावरही 'बाहेरून आणा' ही चिठ्ठी येते. पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण सगळं धरलेलं आहे. सुट्टीनंतरची दहा दिवसांची औषधं धरलेली आहेत, इतकंच काय, घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेचं भाडंही रुग्णाला मिळायला हवं. हे भाडं मागणारा रुग्ण मला दिसला नाही. ते मिळतं हे कुणी सांगितलेलंच नव्हतं.

दहा दिवस संपल्यावर मात्र खरी परीक्षा सुरू होते. स्टेंट टाकलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या वर्षभर तरी लागतात. रक्तदाब, साखर, फिट्स, मानसिक आजार यांच्या गोळ्या जन्मभर. बाह्यरुग्ण विभागातला हा खर्च योजनेत नाही, आणि भारतातली कुटुंबं खिशातून जो औषधपाण्यावर खर्च करतात त्याचा मोठा वाटा याच दारातून जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या फुकट मिळतात, पण पुरवठा आला तर. पंधरा दिवस गोळी नाही म्हणून बंद केलेला माणूस अर्धांगवायूने आडवा होऊन शहरात येतो. दोन रुपयांची गोळी गावात मिळाली असती तर ज्याला इकडे यावंच लागलं नसतं, त्याच्यासाठी मग लाखाचं पॅकेज मंजूर होतं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. आपण सुधारणा म्हणून कवचाचा आकडा वाढवत गेलो, आणि गरिबाचा पैसा जिथून गळतो ती जागा तशीच ठेवली.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या सुमारे ८६ टक्के लोकांनी आपल्याला कसलंही आरोग्य संरक्षण नाही असं सांगितलं होतं. तेव्हा बऱ्याच राज्यांत योजना सुरू होत्या. आपण योजनेत आहोत हेच माणसाला ठाऊक नसेल, तर ते कवच त्याच्या उपयोगी कसं पडणार?

विष्णुपुरी

नांदेड शहरापासून लातूरच्या दिशेने निघालं की गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पाच्या परिसरात डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या इमारती दिसतात. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत इथे २४ रुग्ण दगावले. त्यांतली बारा नवजात बालकं होती. पुढच्या दिवसात आणखी सात मृत्यू झाले. पाचशे खाटांच्या या रुग्णालयात हजाराच्या वर रुग्ण भरती होते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधखरेदीची रखडलेली व्यवस्था, रिकाम्या जागा, परिचारिकांची कमतरता यांची चर्चा झाली. एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं, आणि काही दिवस वर्तमानपत्रांत त्याच छायाचित्राने जागा अडवली.

तेव्हा रुग्णालय प्रशासनाने सांगितलेली एक गोष्ट फार लवकर विसरली गेली. दगावलेल्यांतली बरीच बाळं खासगी दवाखान्यांतून अत्यवस्थ होऊन इथे आली होती. त्या आठवड्यात ती शेवटच्या क्षणी आली हे सुट्ट्यांशीही जोडलं गेलं, पण इथल्या परिचारिकांना यात नवल वाटत नाही. वर्षभर हेच चालतं. पैसे संपले, पॅकेज संपलं, किंवा आता हाताबाहेर गेलं असं वाटलं की १०८ नंबरची गाडी विष्णुपुरीकडे वळते. नांदेडबरोबर हिंगोली, परभणी, यवतमाळचा काही भाग आणि तेलंगणाच्या सीमेवरची गावं याच दारात येतात. इथून पुढे पाठवायला जागा नाही.

विम्याची योजना आणि विष्णुपुरीचे मृत्यू या दोन वेगळ्या बातम्या म्हणून छापल्या गेल्या. मला त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात. विम्याचा पैसा पॅकेज होईल अशा रुग्णामागे जातो. ज्याची शस्त्रक्रिया ठरलेली, प्रकृती स्थिर, कागद पूर्ण, तो खासगी रुग्णालयाला परवडतो. जो गुंतागुंतीचा, अशक्त, कागद नसलेला, तो सरकारी रुग्णालयाच्या वाट्याला येतो. शंभराहून अधिक उपचार तर योजनेने सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवले आहेत. खासगीत त्या नावाखाली गैरवापर होऊ नये हा हेतू चांगला. पण राखीव ठेवलं तिथे डॉक्टर, भूलतज्ज्ञ, टेबल मोकळं असलं पाहिजे. नाहीतर राखीव म्हणजे लांबलेली तारीख.

आणखी एक गोष्ट लोकांना नीट कळलेली नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाची, वैद्यकीय शिक्षणाची. ती त्या निर्णयात नव्हती. म्हणजे नांदेड शहरात गुरू गोविंदसिंघजी जिल्हा रुग्णालयात जे फुकट, त्याला विष्णुपुरीत शुल्क. खेड्यातून आलेल्या माणसाने हा विभागांचा फरक कसा ओळखायचा?

लातूर: डॉक्टरांचं शहर

लातूरला डॉक्टरांचा तुटवडा नाही. औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोडवर पाट्यांमागून पाट्या आहेत. शिकवणीचं शहर म्हणून नाव झालेल्या या गावातून दरवर्षी कितीतरी मुलं वैद्यकीय शिक्षणाला जातात. पण २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं, आज विलासराव देशमुखांच्या नावाने आहे ते, तेव्हा जुनं जिल्हा रुग्णालय त्याच्यात गेलं. साडेचोवीस लाख लोकसंख्येच्या जिल्ह्याला स्वतंत्र जिल्हा रुग्णालय हवं म्हणून नंतर लातूरकरांना वर्षानुवर्षं मागणी करावी लागली. निःशुल्क उपचारांचा निर्णय आला तेव्हा त्याचा सगळ्यांत मोठा लाभ जिल्हा रुग्णालयात मिळायचा, आणि लातुरात गरिबाचं मोठं रुग्णालय म्हणजे महाविद्यालयाचंच.

इथल्या एका लहान रुग्णालयाच्या डॉक्टरांशी सविस्तर बोलणं झालं. त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. पॅकेजचे दर वर्षानुवर्षं तेच राहतात, इम्प्लांट, भूल, परिचारिकांचे पगार मात्र वाढतात. केलेल्या उपचारांचे पैसे महिनोन् महिने येत नाहीत. आले तर क्वेरी काढून कापलेले. ज्याचं रुग्णालय मोठं, इतर पैसेवाले रुग्ण भरपूर, तो थांबू शकतो. वीस खाटांचा डॉक्टर थांबू शकत नाही. मग तो एकतर योजनेतून बाहेर पडतो किंवा रुग्णाकडून वरचे पैसे घेतो. पहिला मार्ग प्रामाणिक आहे, पण त्याने तालुक्याचं एक दार बंद होतं. दुसरा मार्ग गुन्हा आहे, आणि तो सर्रास चालतो. थकबाकी ठेवून सरकारच त्याला निमित्त पुरवतं, हेही मी इथे नोंदवून ठेवतो.

सगळ्यांना कवच दिल्याने एक नवी गोष्ट घडली आहे. बागायतदार, व्यापारी, नोकरदार आता त्याच योजनेत आहेत. हक्क सगळ्यांना असावा याच मताचा मी आहे. पण खाटा तेवढ्याच आहेत. ज्याचे कागद ऑनलाइन आहेत, ज्याच्या ओळखीचा डॉक्टर आहे, जो नगरसेवकाचा फोन लावू शकतो, त्याचा नंबर आधी लागतो. पूर्वी पिवळ्या कार्डाने निदान रांग वेगळी ठेवली होती.

किनवटहून जवळचं गाव

नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके. किनवट आणि माहूर हे त्यांतले शेवटचे, जंगलाच्या कडेचे. गोंड, कोलाम, आंध, बंजारा वस्त्या. गोकुंद्याला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण मोठं काही निघालं की नांदेड. रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. तेलंगणातलं आदिलाबाद त्यापेक्षा कितीतरी जवळ, तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. लोक तिकडे जातात. तिकडे आरोग्यश्री ही त्या राज्याची आरोग्य योजना चालते. ती तेलंगणाच्या कार्डावर. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणाने तिची मर्यादा दहा लाख केली. सीमेपलीकडच्या सासरी नांदणाऱ्या बहिणीला दहा लाखांचं कवच, अलीकडच्या भावाला आपलं कार्ड चालेल त्या दवाखान्यासाठी मागे वळून नांदेड. धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या काही गावांनी २०२२ मध्ये आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली, तेव्हा ती राजकीय नाट्य म्हणून बाजूला टाकली गेली. शेतीच्या योजना त्या मागणीत पुढे होत्या, पण दवाखान्याचा हिशेब तिथल्या घराघरात रोज होतो.

गोकुंद्यासारख्या ठिकाणी भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक कायम राहिले, तर कितीतरी माणसांना नांदेडचा रस्ताच धरावा लागणार नाही. पाच लाखांचं कार्ड किनवटला आणि ते चालतं ते रुग्णालय नांदेडला, अशी आजची रचना आहे. मधल्या अंतराचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, रुग्णालयाबाहेर काढलेल्या रात्री कुठल्याच पॅकेजमध्ये नाहीत. डायलिसिसवरच्या रुग्णाला एसटीत सवलत मिळते. त्याला धरून आणणाऱ्या बायकोचे आठवड्याचे दोन-तीन दिवस जातात ते कुणी मोजत नाही.

काय मागायचं

योजना बंद करा असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्याने डायलिसिसच्या खोलीत जाऊन ते तिथल्या माणसाला सांगावं. मला वाटतं ते एवढंच की यापुढचा वाढीव रुपया कवचाच्या आकड्यावर खर्च होऊ नये. तो आधी आरोग्य केंद्रातल्या गोळ्यांवर, उपजिल्हा रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञावर आणि विष्णुपुरीच्या परिचारिकांवर खर्च व्हावा. बाहेरच्या औषधांना आणि तपासण्यांना योजनेत जागा द्यावी, रुग्णालयांची देणी ठरलेल्या मुदतीत चुकती करावीत आणि मग वरचे पैसे घेणाऱ्यावर न कचरता कारवाई करावी. महाविद्यालयांची रुग्णालयंही निःशुल्क करावीत. येत्या निवडणुकीत कुणी दहा लाखांचं आश्वासन घेऊन दारात आलं, तर त्याला आपल्या आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी आज आहे का हे विचारा.

आणि तोवर, हा अंक ज्यांच्या घरात येतो त्या वाचकांना एक विनंती. तुमच्या शेतावर, घरी, दुकानात काम करणाऱ्या माणसाचं रेशनकार्ड ऑनलाइन आहे का, म्हाताऱ्या आईचं नाव कुणाच्या कार्डावर आहे, आयुष्मान कार्ड काढलंय का, हे या दिवाळीतच बघून घ्या. दुखणं आल्यावर वेळ राहत नाही. योजनेतल्या रुग्णालयात पैसे मागितले तर पावती मागा. योजनेत बसत नाही असं सांगितलं तर कारण लेखी मागा. योजनेचे टोल फ्री क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० आहेत. फोन रुग्ण तिथे असतानाच लावा.